ट्रफलची बाग लावायची, पण कोणत्या ट्रफलची?

ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांशी जमिनीखाली पिकणारं, खाण्याजोगं बुरशीचं फळ. त्याच्या लागवडीचा विषय निघाला की आधी बाजारभाव बोलले जातात. मी आधी मातीचा तपासणी अहवाल बघायला मागेन. इथे आपण लावतो ते झाड, ओकचं किंवा हेझलचं, ज्याच्या मुळांवर रोपवाटिकेत बुरशी आधीच बसवलेली असते. ट्युबेरेसी कुळातली ही बुरशी बारीक मुळांना वेढून राहते, झाडाला पाणी, नत्र, स्फुरद मिळवून देते आणि त्याच्याकडून साखर घेते. जमीन या दोघांपैकी एकालाही मानवली नाही, तर ट्रफल विसरा.

काळं पेरिगॉर्द ट्रफल (ट्युबर मेलॅनोस्पोरम) हे जाणत्या लोकांचं पीक. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ट्रफल देणाऱ्या ओकखाली पडलेली ओकचीच फळं पेरायची युक्ती निघाली, १९७०च्या दशकात बुरशी बसवलेली रोपं बाजारात आली आणि आज ऑस्ट्रेलियातही त्याच्या मोठ्या बागा आहेत. त्याच्या अटी मात्र कडक आहेत: चुनखडीची, उत्तम निचऱ्याची जमीन, सामू (पीएच) साधारण ७.५ ते ८.३, उबदार उन्हाळा आणि त्यात अधूनमधून पाऊस. पहिलं ट्रफल दिसायला बहुधा पाच ते आठ वर्षं. जमीन भारी आणि ओलसर असेल तर ट्युबर ब्रुमाले नावाचा कमी मोलाचा भाऊबंद मुळांवर कब्जा करतो.

बर्गंडी ट्रफल (ट्युबर एस्टिव्हम) वासाला सौम्य, भावाला कमी. पण स्पेनपासून स्वीडनच्या गोटलँड बेटापर्यंत ते रानात आपोआप उगवतं, यातच सगळं आलं. थंडी सोसतं, सावली चालते. उन्हाळी ट्रफल आणि शरदातलं बर्गंडी यांना पूर्वी वेगळं मानत. जनुकांनी ती एकच जात ठरवली. चुना मात्र यालाही हवाच. हवामानाची खात्री नसेल तर माझं मत याच्या बाजूने.

पांढरं आल्बा ट्रफल (ट्युबर मॅग्नॅटम) सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत बेभरवशाचं. नदीकाठची मोकळी, ओलसर, चुनखडीयुक्त माती त्याला आवडते. पॉप्लर, विलो, ओक ही त्याची झाडं. गंमत अशी की ट्रफल देणाऱ्या झाडाच्या मुळांवरही ही बुरशी शोधून क्वचितच सापडते. फ्रान्समधल्या एका बागेत, त्याच्या नैसर्गिक प्रदेशाबाहेर, २०१९ मध्ये ३ आणि २०२० मध्ये ४ ट्रफलं मिळाली, तर त्याची संशोधनात बातमी झाली! हौसेला चार झाडं लावा. कर्ज काढून लावू नका.

बियांकेटो (ट्युबर बोर्की) किंचित आम्ल जमीनही सहन करतं, पाइनखाली येतं आणि इतरांपेक्षा लवकर फळतं. लसणासारखा उग्र वास सगळ्यांना रुचत नाही, एवढंच.

आता कुंपणाचा प्रश्न, कारण तो या कुळाच्या स्वभावाशीच भिडतो. ट्रफल जमिनीखाली पिकतं, त्यामुळे त्याचे बीजाणू वाऱ्यावर उडू शकत नाहीत. म्हणून ते वास सोडतं. रानडुक्कर, उंदीर, खारी ते उकरून खातात आणि बीजाणू विष्ठेतून दूरवर टाकतात. कुंपण घातलं की माल वाचतो, पण हे वाहतूकदार बाहेर राहतात. शिवाय मेलॅनोस्पोरमला फळ धरायला दोन वेगळ्या प्रजनन-प्रकारांची बुरशी एकत्र यावी लागते, आणि एका झाडाखाली बहुधा एकाच प्रकाराचं राज्य असतं. त्यामुळे अनेक बागायतदार झाडाभोवती खड्डे घेऊन त्यात ट्रफलचा चुरा मातीत मिसळून घालतात, म्हणजे डुकराचं काम स्वतः करतात. काळं किंवा बर्गंडी निवडलंत तर हा खर्च धरून चाला. या दोन्हींच्या झाडाभोवतालचं गवत जळाल्यासारखं मरतं, त्याने घाबरू नका. बुरशी जागा धरत असल्याची ती खूण आहे.

जात कोणतीही ठरवा, रोपं घेताना मुळांची तपासणी मागा, शक्य तर डीएनएची. चीनमधलं ट्युबर इंडिकम दिसायला पेरिगॉर्दसारखंच असतं, वासाला फिकं, आणि इटलीतल्या एका बागेत ते मेलॅनोस्पोरम समजून लावलेल्या झाडांच्या मुळांवर सापडलं होतं. एकदा जमिनीत शिरलं की ते काढण्याचा उपाय नाही.