सीईटी, जेईई की नीट? खानदेशातल्या अकरावीच्या घरांसाठी

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की रावेर-यावलकडचे पालक एकच प्रश्न घेऊन येतात. "सर, पोराले कोट्याले धाडू का?" कोटा म्हणजे राजस्थानातलं क्लासचं शहर. मागच्या वर्षी एका केळीवाल्या शेतकऱ्याने हे विचारलं, तेव्हा त्याच्या हातात क्लासचं माहितीपत्रक होतं आणि पहिल्या हप्त्याच्या आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल काढलेला होता. मी त्यालाच उलट विचारलं, मुलाला शिकायचंय कोणत्या कॉलेजात? तो म्हणाला, इंजिनिअरिंग असेल तर पुणं, नाहीतर आपलं जळगाव. मेडिकलला लागला तर सोन्याहून पिवळं.

निवड इथूनच सुरू करावी. कोणती जागा कोणत्या परीक्षेवर भरते हे ठरलेलं आहे.

पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, जळगावचं शासकीय अभियांत्रिकी, शिरपूरचं आर. सी. पटेल या सगळ्यांच्या राज्यातल्या मुलांसाठीच्या जागा एमएचटी-सीईटी या राज्याच्या परीक्षेवर भरतात. देशपातळीवरची जेईई मेन लागते ती एनआयटी आणि ट्रिपल आयटी या राष्ट्रीय संस्थांसाठी. तिच्यातून वरची अडीच लाख मुलं जेईई अॅडव्हान्स्डला बसतात आणि तिथून आयआयटी. खासगी विनाअनुदानित कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांनाही जेईई चालते, पण 'पुणं नाहीतर जळगाव' म्हणणाऱ्या घराचा खरा रस्ता सीईटीचाच. नीट एमबीबीएस, बीडीएस आणि आयुर्वेदासाठी. तिला दुसरा पर्याय नाही. धुळे, जळगाव आणि नंदुरबार अशी तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आज आपल्याकडे आहेत, ही माझ्या विद्यार्थीदशेत कल्पनेतही नसलेली गोष्ट.

आता पेपर. सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. मग तो भाग बंद होतो आणि गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन गुणांचे. चुकलं तर गुण कापत नाहीत. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्न तीन तासांत, म्हणजे प्रश्नाला जवळजवळ अडीच मिनिटं. बरोबर आला तर चार गुण, चुकला तर एक वजा. नीटमध्ये १८० प्रश्न १८० मिनिटांत, तेही कागदावर ओएमआर पद्धतीने, म्हणजे पेनाने गोल काळे करून, आणि वजा गुण तिथेही आहेत.

या आकड्यांमागे स्वभावाचा फरक आहे. एका गणितावर दहा मिनिटं खिळून बसणारा, उत्तर पटल्याशिवाय पुढे न जाणारा मुलगा जेईईचा. तोच सीईटीला गेला तर ५४ सेकंदांत गडबडतो. उलट, पाठ्यपुस्तक कोळून प्यायलेली, हात चालणारी मुलगी सीईटीत पुढे निघून जाते आणि जेईईच्या वजा गुणांत अडकते. सीईटी राज्य मंडळाच्या पुस्तकांवर असते. साधारण २० टक्के भार अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. जेईई आणि नीटला अशी सूट नाही, अकरावी तिथे पूर्ण धरतात. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं अकरावीचं वर्ष 'आरामाचं' समजून घालवतात आणि बारावीच्या दिवाळीत घूर्णन गतीचा (फिरणाऱ्या वस्तूंच्या भौतिकाचा) धडा काढून बसतात. जेईई-नीट मनात असेल तर हे वर्ष वाया घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

भाषेचं सांगितलंच पाहिजे, कारण आपल्याकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात असतात. सीईटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मराठीत मिळतं, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. देशपातळीवरची जेईई मेन मात्र गणितासकट मराठीत देता येते. नीटही मराठीत आहे. मात्र मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्याच केंद्रांवर मिळते. नवापूर-नंदुरबारच्या मुलांनी सुरत जवळ पडतं म्हणून तिथलं केंद्र निवडलं, तर मराठी हातची गेली. आणि पुस्तकं अकरावीपासून इंग्रजीत वाचली असतील तर केवळ जिव्हाळ्यापोटी मराठी पर्याय घेऊ नका. 'संवेग' आणि 'जडत्वाचा आघूर्ण' हे शब्द परीक्षेत पहिल्यांदा भेटले तर वेळ तिथेच जातो. दोन वर्षं ज्या भाषेत सराव केला, तीच घ्या.

पर्सेंटाइलवरून घराघरांत भांडणं होतात. "सीईटीत ९५ आणि जेईईत ८५, मग हा अभ्यासात घसरला का?" नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण शंभरातल्या किती जणांना मिळाले, ते. समजा एका परीक्षेला तीन लाख मुलं बसली, तर ९५ पर्सेंटाइलच्या पुढे १५ हजार असतात. दुसरीला बारा लाख बसली, तर त्याच ९५ च्या पुढे ६० हजार. त्यात जेईईला देशभरची तयारीची मुलं. दोन परीक्षांचे आकडे शेजारी ठेवून मुलाला बोलू नका.

वेळापत्रक थोडक्यात : जेईईचं पहिलं सत्र जानेवारीत, दुसरं एप्रिलमध्ये, आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. मध्ये फेब्रुवारीत बोर्ड. सीईटी एप्रिल-मेमध्ये, नीट मेमध्ये, म्हणजे भुसावळचा पारा ४४ ला टेकलेला असतो तेव्हा. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर आदल्या संध्याकाळीच पोहोचा. बोर्डाकडे पाठही फिरवू नका. इंजिनिअरिंगच्या राज्यातल्या प्रवेशाला खुल्या गटात पीसीएममध्ये ४५ टक्के लागतात, एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव.

कोटा शहरात धाडायचं का, याचं खरं उत्तर पुढे आहे आणि ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं. मुलगा बारावी कुठून उत्तीर्ण होतो, यावर त्याचे हक्क ठरतात. महाराष्ट्रातल्या ८५ टक्के राज्य कोट्यातल्या एमबीबीएसच्या जागांसाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. नागपूरच्या एनआयटीत, म्हणजे व्हीएनआयटीत, निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांना आहेत, पण 'महाराष्ट्राचा' म्हणजे बारावी इथून झालेला. राजस्थानात बारावीचा फॉर्म भरला की दोन्ही दारं एकदम अरुंद होतात. राज्यातल्या राज्यातही हे आहेच : विद्यापीठाशी संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजांत राज्यातल्या मुलांच्या ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना असतात आणि हद्द बारावीच्या कॉलेजवरून मोजतात. लातूरला बारावी केलेला मुलगा खानदेशातल्या अशा कॉलेजसाठी बाहेरचा ठरतो. क्लास कुठेही लावा, बारावीचं नाव कुठे घालता ते आधी ठरवा.

दाखल्यांचंही तसंच. व्हीजे, एनटी, एसबीसी, एसईबीसी हे आपल्या राज्याचे प्रवर्ग आहेत, केंद्रीय कोट्यात ते नाहीत. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर केंद्राच्या नमुन्यातला वेगळा नॉन-क्रीमिलेअर दाखला काढावा लागतो. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका. मुलीचं घर ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीतलं असेल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, झालेल्या व्यावसायिक प्रवेशाला शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने जागा घेतली की ही सवलत गेली.

माझा कल स्पष्ट सांगतो. गणित आवडणाऱ्याने अभ्यास जेईईच्या खोलीचा करावा, दोन्ही सत्रं द्यावीत आणि मार्चपासून रोज घड्याळ लावून सीईटीचे पेपर सोडवावेत. नीटवाल्याने पीसीबीची (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) सीईटी जरूर द्यावी, बी. फार्म आणि कृषीचे रस्ते तिथून उघडे राहतात. जेईई आणि नीट दोन्ही एकत्र, गणित-जीवशास्त्र दोन्ही ठेवून, हे ओझं मी सहसा कुणाला सुचवत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला झोपही लागते.

त्या शेतकऱ्याने मुलाचं नाव इथल्याच फैजपूरच्या कॉलेजात घातलं. गोल केलेल्या आकड्यातले थोडे पैसे त्याने सराव-चाचण्या आणि पुस्तकांना लावले. मुलगा सध्या घूर्णन गती शिकतोय, अकरावीतच.