लॉरेल-हार्डी की बस्टर कीटन: गल्लीतल्या पडद्यावर काय लावाल?

गणपतीत रात्री पडदा बांधून जुने विनोदी लघुपट दाखवायचे ठरलं की वाद शेवटी या दोन नावांवर येतो. चॅप्लिन मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तो हसवता हसवता गळा दाटवतो, आणि आरतीनंतर तेवढं कुणाला नको असतं.

लॉरेल-हार्डीशी ओळख करून द्यावी लागत नाही. ‘द म्युझिक बॉक्स’ (1932) मध्ये दोघं एक पियानो लांबलचक पायऱ्यांवरून वर चढवतात आणि तो पुन्हा पुन्हा खाली घसरतो. एवढंच, पण या लघुपटाला ऑस्कर मिळालं. वैतागलेला हार्डी आपल्याकडे वळून बघतो तेव्हा आजीसुद्धा पदर तोंडाला लावते.

अडचण एकच, ते बोलतात. आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत मराठी आणि कन्नड घरं भिंतीला भिंत लावून आहेत. पुढं बसलेला कुणीतरी इंग्रजी संवाद मराठीत सांगतो, मागून कन्नड घरातल्या अव्वा, म्हणजे आजी, विचारतात, “एनंद?” (काय म्हणाला?) मग तोच संवाद कन्नडमध्ये. तोवर पियानो परत खाली पोचलेला असतो. सतरंजी हसून गप्प झाली की खुर्च्या हसतात! तुमच्याकडे सगळे एकाच भाषेचे असतील तर हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. त्यांचे मूकपटही आहेत. ‘बिग बिझनेस’ (1929) भन्नाट आहे, पण त्यातली घराची आणि गाडीची मोडतोड पोरं दुसऱ्या दिवशी गल्लीत करून बघतात.

कीटनचे हे लघुपट मूक, त्यामुळं संवाद सांगायची भानगडच नाही. त्याचा चेहरा मात्र ढिम्म. पहिली दोन मिनिटं लोक चुळबुळतात, हे मान्य. पण ‘वन वीक’ (1920) लावून बघा. नवं जोडपं खोक्यांतून आलेलं घर स्वतः जोडायला घेतं आणि मुलीनं नाकारलेला गडी खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. घर वेडंवाकडं उभं राहतं, त्यात पाहुणे बोलावले जातात, आणि वादळात अख्खं घर गरागरा फिरायला लागतं. मधे मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या थोड्याच आहेत, दिवस तर कॅलेंडरच्या पानांवरून कळतात. रेल्वेरुळांवरचा शेवट सांगत नाही, पण तिथं आमच्याकडं दोनदा किंकाळी उठली, आणि दोन्ही वेळा सगळ्यांची एकदम.

फक्त प्रत आधी घरी ऐकून घ्या. मूकपटाच्या काही प्रतींवर साथीचा पियानो असा बडवलाय की आवाज बंद करून भजनी मंडळातला ढोलकीवाला बसवलेला बरा.