मोपा विमानतळावरचा बर्गर: पेय लगेच, खाणं यथावकाश

5 जानेवारी 2023 ला उत्तर गोव्यातल्या मोपाहून विमानं उडायला लागली, तेव्हापासून दक्षिण गोव्यातली माणसं दुपारच्या विमानासाठी सकाळीच घर सोडतात. वाटेत कुठे अडकायला झालं तर, म्हणून काणकोणचा माणूस दोन तास जादा धरतो. आम्ही डिचोलीचे, आम्हाला मोपा जवळ. पण आई बरोबर असली की तेवढेच जादा धरावे लागतात. अशा लवकर पोचलेल्या, भुकेल्या आणि आता बाहेरही जाऊ न शकणाऱ्या गिऱ्हाइकांवर सुरक्षा तपासणीच्या पलीकडचा हा बर्गरवाला मजेत चालतो. नाव लिहीत नाही. कुठल्याही विमानतळावर गेलात तरी तो भेटेलच.

ऑर्डर पडद्यावर द्यायची. पडदा आधी विचारतो, इथे खाणार की घेऊन जाणार?

"विमानात बसून खाल्लं तर कुठलं दाबायचं?" आईने विचारलं. पडद्याला हे कोणी शिकवलेलं नाही. मग चीज घालू का, मोठं करू का, सोबत फ्राइज हवेत का, मोबाइल नंबर द्या. एवढी चौकशी तर सोयरीक जुळवतानाही होत नाही. शेवटी पैसे, चारशेच्या वर, आणि तेही आधी.

"आधी कशाला? तपासून आत घेतलंय ना, पळणार कुठे आपण?"

खरी गंमत पुढे. कोल्ड्रिंक अर्ध्या मिनिटात हातात. बर्गरचा पत्ता नाही. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, चांगलंच झालं, पण कागदी स्ट्रॉ काही बर्गरसाठी थांबत नाही. बर्गर येईपर्यंत तिचं टोक पेल्यात विरघळून लगदा झालं होतं आणि कोल्ड्रिंकला पुठ्ठ्याची चव आली होती. आधी बर्गर, मग पेय, एवढा साधा क्रम कुणाला सुचत नाही?

वर नंबरांचा बोर्ड. आमचा 247. आधी 251 आला, मग 244, मग परत 252. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, हाउजीत उभे असावेत तसे सगळे पावती धरून वर बघत होते, फरक एवढाच की इथे तिकीट चारशेचं आणि बक्षीस थंड. हाफ पँट आणि काजूफेणीचा खोका असा एक पर्यटक दर मिनिटाला काउंटरवर जाऊन "भैया, दो सौ उनचास?" विचारत होता. आमचं गेट विमान सुटायच्या 25 मिनिटं आधी बंद होणार होतं, आणि ही वेळ बोर्डवर कुठे दिसत नव्हती.

शेवटी आईच काउंटरवर गेली. "कुठला रे बाबा तू?"

"धारगळचो, काकी."

मग वाडा कुठला, शाळा कुठली, आमच्या कुणाची सून त्यांच्या शेजारची निघाली, आणि बोलता बोलता 247 ची पिशवी पुढे आली. पडद्याने इतकं विचारून जे जमलं नाही ते हिने दोन प्रश्नांत केलं. पर्यटक आमच्याकडे संशयाने बघत होता. त्याच्या जागी मीही तसंच बघितलं असतं.

फ्राइज मात्र गरम, कुरकुरीत, मीठ बेताचं. त्यांना नाव ठेवायला जागा नाही. बर्गरचा पाव कोमट आणि गोडसर. उंड्यावर, म्हणजे गोव्याच्या कडक पावावर, वाढलेल्या तोंडाला तो केकच वाटतो. आईने आतली टिक्की खाल्ली आणि पाव माझ्याकडे सरकवला. केचप दोनच पुड्या, तिसरी मागितली तर धारगळच्या पोरानेसुद्धा आत बघून घेतलं.

पणजीत कॅफे टाटोत भाजी-पाव मागवला की तोंडातलं वाक्य पुरं व्हायच्या आत बशी समोर येते, तेवढीच अपेक्षा इथे धरू नका. हातात तास असेल तर खुशाल घ्या. त्याहून कमी असेल तर नुसते फ्राइज, आणि पेय बर्गर दिसल्यावरच मागा. पोरगा अडवत नाही.