६४ जीबी सांगून ७ जीबी गळ्यात मारले: एमपीथ्री प्लेअर घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

१,८९९ रुपये प्लेअरचे आणि ४० रुपये डिलिव्हरीचे. एकूण १,९३९. एवढ्याशा रकमेसाठी कोण एवढा जीव आटवतं, असं मला आतापर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. त्यात पोलीस आले, कस्टमर केअरवाले आले, माझे सख्खे मेहुणेही आले. एकालाही हा प्रकार नीट समजून घ्यायचा नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय.

प्लेअर आईसाठी हवा होता. मोबाइलवर गाणी ऐकणं तिला जमत नाही असं नाही, आवडत नाही. अभंग रंगात आला की नेमका कर्जवाल्यांचा फोन येतो, नाहीतर जाहिरात सुरू होते, आणि बोट जरा सरकलं की भलतंच काहीतरी उघडतं. तिला हाताला लागतील अशी बटणं हवी होती. आणि असं साधं यंत्र आता नावाजलेल्या कंपन्यांकडे फारसं उरलेलं नाही, हे लक्षात घ्या. ॲपलने छोटे आयपॉड, म्हणजे शफल आणि नॅनो, २०१७ मध्ये बंद केले आणि २०२२ मध्ये उरलासुरला आयपॉडही गुंडाळला. मोठ्या कंपन्यांचे जे मिळतात ते बहुतेक टच स्क्रीनचे आणि महागडे. मधली सगळी जागा कधी न ऐकलेल्या नावांनी भरून टाकलीय. तेव्हा ‘अनोळखी ब्रँड घेतलाच कशाला’ हे मला विचारू नका. ओळखीचा दाखवा, लगेच घेतो.

स्वस्ताच्या मागे लागलो म्हणाल, तर तेही नाही. खरेदीच्या ॲपवर त्याच यादीत ४९९ चे होते, ६९९ चे होते. मी १,८९९ चा घेतला. ६४ जीबी, बटणांचा, छोटा स्क्रीन, रेकॉर्डिंगची सोय, बटणं लॉक करायची वेगळी कळ. साडेतीनशेच्या वर परीक्षणं, ४.१ तारे. परीक्षणं मी वाचली होती. ‘वेळेत मिळालं’, ‘आवाज छान’, ‘बाबांना आवडलं’. आज कळतंय की ती सगळी खरीच असणार, आणि तिथेच गोम आहे. माणूस वस्तू हातात पडली की दुसऱ्या दिवशी तारे देऊन मोकळा होतो. ६४ जीबी भरून बघून तारे देणारा कोण आहे?

खोका आला. त्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, छापील किंमत नाही, कोणत्या देशात बनलं तेही नाही. हे सगळं पाकिटावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. खोका फोडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा आणि यातलं काही नसेल तर तिथल्या तिथे परत पाठवा. मी खोका फोडला, कारण आई शेजारी उभी होती.

पहिल्या खेपेला साधारण ५ जीबी गाणी भरली. म्हणजे किती, तर १२८ केबीपीएसच्या (म्हणजे साधारण दर्जाच्या) एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, त्या हिशेबाने ८०-८५ तास. सगळी व्यवस्थित वाजली. मराठीत नाव दिलेल्या फाइलींच्या जागी स्क्रीनवर नुसते चौकोन दिसत होते, म्हणून नावं रोमनमध्ये केली, पुढे ००१, ००२ असे आकडे घातले. (हे बऱ्याच स्वस्त प्लेअरमध्ये असतं. गाण्यांचा क्रमही बऱ्याचदा नावावरून नाही, कॉपी केल्यावरून लागतो. फोल्डर एकेक करून टाका.) आई खूश. परत करायची मुदत होती सात दिवस. ती आनंदात संपली.

त्यानंतर आईने त्याचा रेकॉर्डर वापरायला घेतला. आमच्या मागच्या आळीत एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना अजून येतात, म्हणजे तेव्हा येत होत्या. आई दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायची आणि ते यंत्र उशाशी ठेवायची. घरी आणून मला ऐकवायची. स्वच्छ ऐकू येत होतं.

पुढे दिवाळीत भाचा आला. त्याच्याकडून नाट्यसंगीत, कीर्तनं असं ११ जीबी घेतलं आणि मी ते प्लेअरमध्ये टाकलं. कॉम्प्युटरने तक्रार केली नाही. सगळं कॉपी झालं आणि अजून ४३ जीबी जागा शिल्लक, असं दाखवलं.

दोन-तीन दिवसांनी आई म्हणाली, “अरे, हरिपाठ लावला की नाटकातलं पद लागतंय. तेही मधूनच.”

मी हसलो. आजही ते हसू आठवलं की कानशिलं तापतात. मी म्हटलं, “अगं, शफल लागलं असेल.” (म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावायची सोय.) बघितलं तर शफल बंद होतं. स्क्रीनवर नाव हरिपाठाचं आणि कानात भलतंच पद, तेही अंतऱ्यापासून. ज्याने कुठे बनावट मेमरी कार्डाबद्दल दोन ओळी जरी वाचल्यात, त्याच्या डोक्यात त्या क्षणी घंटा वाजायला हवी. मी वाचल्या होत्या. पण ‘बनावट’ म्हटलं की माझ्या डोक्यात रस्त्याकडेला विकले जाणारे पेन ड्राइव्ह यायचे, बिलासकट घरी आलेला प्लेअर नाही. ओटीपी मागणारे, वीज तोडतो म्हणून मेसेज करणारे, पार्सलमध्ये साबण पाठवणारे, यांना मी बरोबर ओळखतो. हा त्यातला कुठलाच नव्हता. वस्तू आली, सुरू झाली, महिनाभर गायलीसुद्धा!

वर मी आईलाच बोललो. “तुझ्या हातून काहीतरी दाबलं जातंय.” बटणं लॉक करायची कळ तिला पुन्हा पुन्हा समजावली. ती बिचारी यंत्राला हात लावायला घाबरायला लागली.

मग ओव्या लावायला गेलो, तर ‘फॉरमॅट एरर’. एकही रेकॉर्डिंग उघडेना.

तेव्हा कुठे एच२टेस्टडब्ल्यू चालवलं. विंडोजवर चालणारा हा फुकटचा प्रोग्रॅम आहे, लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ३. तो मोकळ्या जागेत एकेक जीबीच्या फाइली लिहीत जातो आणि मग लिहिलं तेच परत वाचता येतं का ते बघतो. स्वस्त प्लेअरला याला तासन् तास लागतात, रात्री लावून झोपा. निकाल आला: खरी जागा ७.३ जीबी. बाकी सगळी थाप.

यातली चलाखी अशी. आतली चिप छोटीच असते, पण तिच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे तिचा कारभार बघणाऱ्या भागात, फेरफार करून त्याला ‘मी ६४ जीबी’ म्हणायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. खरी जागा संपली की नवीन माल पुन्हा पहिल्यापासून, जुन्याच्या अंगावर लिहिला जातो. नावांची यादी तशीच राहते, आतला ऐवज बदललेला असतो. म्हणून हरिपाठाच्या नावावर नाटकाचं पद. आणि असं अंगावर लिहिलं गेलेलं कुठल्याही रिकव्हरीवाल्याला, म्हणजे गेलेल्या फाइली परत मिळवून देणाऱ्याला, परत आणता येत नाही. एकाने माझ्याकडून ‘तपासणीचे’ ३०० रुपये घेऊन हेच सांगितलं. तेही धरा, २,२३९ झाले.

आणि मुदत बघा: सात दिवस. साधा माणूस सात दिवसांत ७ जीबीसुद्धा भरत नाही. या धंद्याचं सगळं गणित यावर उभं आहे. म्हणून प्लेअर असो, कार्ड असो, पेन ड्राइव्ह असो, घरी आल्या रात्री काठोकाठ भरून तपासा. गाणी नंतर.

आता तक्रारीची कथा.

ॲपच्या चॅटमध्ये आधी यंत्र बोललं, मग यंत्रासारखा माणूस. “गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, परतीचा कालावधी संपला आहे, कृपया ब्रँडशी संपर्क साधा.” ब्रँडचा नंबर खोक्यावर नाही हे सांगितलं, तर पुन्हा तेच वाक्य. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. पोच दोन मिनिटांत आली. सोडवणूक म्हणजे ‘तुमची तक्रार सोडवली आहे’ असा मेसेज.

मग एका सरकारी तक्रार यंत्रणेकडे नोंद केली. त्यांनी ती कंपनीकडे पाठवली. कंपनीने कळवलं, कालावधी संपलाय. यंत्रणेने मला कळवलं, कंपनीने उत्तर दिलंय, सबब तक्रार निकाली. वर, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

पोलीस ठाण्यात गेलो. “किती गेले?” “१,९३९.” “हजार?” “नाही, रुपये.” समोरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. “ओटीपी दिला होता का? लिंक दाबली? मग सायबर नाही. वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कुठे आहे?” मी म्हटलं, जुनं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, त्यात हे बसतं. “कलमं आम्हाला शिकवू नका, ग्राहक मंचात जा.”

वजनमापांच्या कार्यालयात गेलो. मला वाटलं, इथे तरी समजेल. म्हटलं, साहेब, किलोच्या पिशवीत शंभर ग्रॅम साखर निघाली तर तुम्ही दुकानदाराला धरता ना? ते म्हणाले, जीबी आमच्याकडे येत नाही. बरं, पाकिटावर आयातदाराचं नाव नाही, हे तरी तुमच्याकडे येतं ना? “विक्रेता कुठला?” परराज्यातला. “मग तिथे करा तक्रार.” चहा मात्र पाजला.

हजार लोकांना दोन-दोन हजारांना लुटलं तर वीस लाख होतात. पण प्रत्येक टेबलावर तक्रार दोन हजारांचीच पोचते आणि प्रत्येक साहेब ती बघून हसतो. चोराला हे पक्कं माहीत आहे. किंमत १,८९९ का ठेवली असेल, विचार करा.

जिल्हा ग्राहक आयोगात मात्र आता जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. बिल, चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट आणि चॅट हे सगळं जपून ठेवा. चॅट ॲपमधून कधी गायब होईल सांगता येत नाही. अर्जात ‘नुकसानीची रक्कम’ असा रकाना असतो. ओव्यांची किंमत त्यात काय लिहायची ते वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, पुरावा कुठे आहे? त्या आजींना आता बोललेलं नीट आठवत नाही. म्हणून सांगतो, अशा यंत्रात काहीही रेकॉर्ड केलं तर त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, यंत्र अस्सल असलं तरीही.

आईला आता दुसरा घेतलाय, ९५० रुपयांचा, दुकानातून, पक्क्या बिलावर. आत ४ जीबी आणि कार्ड घालायची खाच. कार्ड ३२ जीबीचं, वेगळं घेतलं, दुकानदारासमोर सांगितलं की भरून बघणार आहे आणि खोटं निघालं तर परत आणणार आहे. त्याने मुकाट्याने आतल्या कपाटातलं दुसरं काढून दिलं. ६४, १२८ च्या नादी लागूच नका. हे छोटे प्लेअर बरेचदा ३२ च्या वरचं कार्ड घेत नाहीत, आणि ३२ मध्ये पाचशेच्या वर तास गाणी मावतात. आयुष्यभर पुरतील.

जुन्या प्लेअरचं पान अजून चालू आहे. फोटो तोच, ब्रँडचं नाव नवं, आता १२८ जीबी आणि २,१९९ रुपये. मी त्याला एक तारा देऊन खाली चाचणीचा निकाल चिकटवला होता. ‘मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही’ म्हणून ॲपवाल्यांनी तो काढून टाकला.