सोसायटीचा अहवाल कुठल्या फॉन्टात? मंगल, निर्मला, मुक्ता, टिरो आणि बाकीचे

गृहनिर्माण सोसायटीचा वार्षिक अहवाल घ्या, वाचनालयाची स्मरणिका घ्या किंवा गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च घ्या. फाइल एकच, पण ती वाचली जाते तीन ठिकाणी. आधी व्हॉट्सॲपवर पीडीएफ जाते. मग कार्यालयातल्या लेझर प्रिंटरवर एक प्रत निघते. शेवटी त्या प्रतीवरून नाक्यावरच्या दुकानात गठ्ठाभर झेरॉक्स. फॉन्ट निवडताना आपण मात्र चौथ्याच ठिकाणी बघत असतो. समोर संगणकाचा मोठा स्क्रीन असतो, त्यावर मजकूर दीडपट मोठा केलेला असतो, आणि तिथे जवळपास सगळंच छान दिसतं.

फोनचा हिशेब करून पाहा. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद, फोनचा पडदा साधारण ७०. पान पडद्यावर बसवलं की सगळं एक तृतीयांश होतं, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर ४ पॉइंटचं. वाचणारा बोटांनी पान मोठं करतो हे खरं, पण पहिली नजर त्या चार पॉइंटवरच पडते. झेरॉक्सचं दुखणं वेगळं. अक्षराची बारीक रेघ तिथे तुटते, जाड रेघ पसरते, आणि अनुस्वार कुठला नि कागदावरचा डाग कुठला हे वाचणाऱ्याने ओळखायचं. म्हणून या आढाव्यात माझी कसोटी एकच आहे: सगळ्यात वाईट जागी फॉन्ट किती तग धरतो. लेझरच्या पहिल्या प्रतीवर कुठलाही बरा फॉन्ट पास होतो.

मंगल की निर्मला?

बहुतेकांची निवड इथेच संपते, कारण विंडोज उघडलं की हेच समोर येतात. मंगल विंडोज २००० बरोबर आला. तो घडवला र. कृ. जोशींनी, कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईत शिकवणारे, तेच. त्या काळच्या स्क्रीनवर ठिपके मोजके होते. त्यात देवनागरी वाचता यावी ही मंगलची कामगिरी, आणि ती मोठी होती. रेघा सगळीकडे जवळपास सारख्या जाडीच्या, आकार सुटसुटीत. आज त्याला नावं ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तो मुळात कागदासाठी काढलेलाच नव्हता.

पण आपल्याला कागदही हवा आहे, आणि तिथे मंगल उघडा पडतो. छापल्यावर मजकूर विरळ दिसतो. ओळींमधलं अंतर मुळातच भरपूर आहे, त्यात कुणी सवयीने वर्डमध्ये दीडपट अंतर ठेवलं की आठ पानांचा अहवाल बारा पानांवर जातो. ‘सगळ्यांकडे असतो’ हा त्याचा जुना फायदाही आता पूर्ण खरा नाही. विंडोज १० पासून मंगल, कोकिला, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट वेगळ्या जोडपुडक्यात गेले. संगणकात मराठी किंवा हिंदी भाषा जोडली तर ते येतात, नाहीतर नाही.

निर्मला विंडोज ८ पासून आहे आणि आजच्या विंडोजमध्ये देवनागरी दिसते ती मुख्यतः त्याच्यातच. ओळी मंगलपेक्षा आटोपशीर, अक्षरं स्क्रीनवर जास्त स्वच्छ, छपाईतही ठीक. मोफत फॉन्ट उतरवून घ्यायला परवानगी नसलेल्या कार्यालयात बसला असाल तर मंगल सोडा, निर्मला घ्या, आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल. त्याचा दोष एवढाच की मजकूर सूचनाफलकासारखा वाटतो. दोन पानं ठीक, वीस पानं कंटाळवाणी.

कोकिला आणि अपराजिता दिसायला छापील पुस्तकाच्या जवळचे आहेत, रेघेत जाड-बारीक भेद आहे. पण त्याच पॉइंटला ते फार लहान येतात. मंगल १२ आणि कोकिला १६ शेजारी ठेवले तर जेमतेम जोडीचे वाटतात. अर्जात ‘फॉन्ट साइज १२’ अशी अट असेल आणि तुम्ही कोकिला वापरलात, तर परीक्षकाला भिंग लागेल. फोनवर हे दोन्ही मला चालत नाहीत.

मुक्ता की टिरो?

खरी चुरस इथे आहे. दोन्ही मोफत, दोन्ही मुक्त परवान्याखाली, गूगल फॉन्ट्सवरून उतरवता येतात, गूगल डॉक्समध्येही मिळतात. छापण्यावर, वाटण्यावर, पुस्तकात वापरण्यावर बंधन नाही. स्वभाव मात्र दोघांचे अगदी उलटे.

मुक्ता मुंबईच्या एक टाइप या गटाचा. रेघा सारख्या जाडीच्या, अक्षरांची पोटं मोकळी. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ ही गोंधळ घालणारी जोडपी लहान आकारातही वेगळी ओळखू येतात. फोनवर चार पॉइंटची जी परीक्षा आहे त्यात हाच पहिला येतो. झेरॉक्सवरही, कारण तुटायला बारीक रेघच नाही. जाडीचे सात प्रकार आहेत, अगदी हलक्यापासून अति-ठळकपर्यंत. त्यामुळे मजकूर, मथळे, तक्ते आणि तळटिपा एकाच कुळातून उभ्या राहतात. जमाखर्चाच्या तक्त्यात आकडे साध्या जाडीत आणि एकूण रक्कम ठळक, एवढं केलं तरी पान वाचनीय होतं. मुंबईतल्या सोसायट्यांना आणखी एक सोय: याच कुळात गुजरातीसाठी मुक्ता वाणी आहे. मराठी आणि गुजराती सूचना एका कागदावर टाकली तर एका हाताची वाटते. तमिळ आणि गुरुमुखीचीही भावंडं आहेत.

उणीव सांगायची तर मुक्ताच्याही ओळी मुळात उंच आहेत. वर्डमध्ये ‘सिंगल’ ठेवलं तरी १२ पॉइंटच्या मजकुराला एकेक ओळ सुमारे २० पॉइंट खाते. अंतर हाताने १७-१८ पॉइंटवर आणावं. त्याखाली गेलात तर ‘वर्षी’ किंवा ‘सर्वांनी’मधल्या वेलांट्या, रफार आणि अनुस्वार स्क्रीनवर कापलेले दिसू लागतात. दुसरं म्हणजे शंभर पानं सलग वाचताना हा फॉन्ट थकवतो. सगळ्या रेघा सारख्या असल्या की डोळ्याला धरायला काही उरत नाही.

टिरो देवनागरी मराठी नेमका तिथे शोभतो. कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सने ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी’ या भारतीय अभिजात साहित्याच्या ग्रंथमालेतल्या पुस्तकांसाठी जी देवनागरी अक्षरं घडवली, त्यांच्यातून हा उतरला. ती ग्रंथमाला २०१५ पासून निघते आहे, म्हणजे कागदावरच्या दीर्घ वाचनासाठीच हा जन्मला. जाड-बारीक रेघ, शिरोरेषेखाली भरदार अक्षर, जोडाक्षरं नीट रचलेली. मुंबईच्या जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तकं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना इथे ओळखीचं वळण सापडेल. हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन वेगळी रूपं असल्यामुळे मराठी रूपात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे मिळतात, कुठली सेटिंग शोधावी लागत नाही.

पण टिरोत ठळक प्रकारच नाही. साधा आणि तिरका, बस. वर्डमध्ये ‘बी’ दाबलंत तर वर्ड अक्षरांना स्वतःच कृत्रिम जाडी देतं, आणि ‘क्त’, ‘द्ध’, ‘ठ्ठ’ यांचा लगदा होतो. मथळ्यांसाठी दुसरा फॉन्ट घ्यावा लागतो. मी टिरोच्या मजकुरावर मुक्ताचा ठळक मथळा देतो; जोडी जमते. तिरक्याचा मोहही टाळा. इंग्रजीत पुस्तकाचं नाव तिरकं करतात म्हणून मराठीतही करायचं, ही सवय उसनी आहे. एकेरी अवतरणचिन्हं पुरतात. आणि झेरॉक्स: टिरोची पहिली झेरॉक्स चांगली येते, झेरॉक्सची झेरॉक्स काढली की बारीक रेघा विरतात. आपल्याकडे झेरॉक्सची झेरॉक्स निघतेच.

तेव्हा अहवाल, सूचना, निविदा, तक्ते, कार्यक्रमपत्रिका यांना मुक्ता, साधारण ११ ते १२ पॉइंट. स्मरणिकेतले लेख, कथा, प्रबंध, आजोबांच्या आठवणींची छोटी पुस्तिका, म्हणजे जे छापलं जाणार आणि बसून वाचलं जाणार ते टिरोत, १२ ते १३ पॉइंट. एकच फॉन्ट शिकायची तयारी असेल तर मुक्ता.

उरलेले, थोडक्यात

नोटो सॅन्स देवनागरी अँड्रॉइड फोनवर आपण रोज वाचतोच. तो कुठेच हरत नाही, मनातही राहत नाही. मुक्ता आवडला नाही तर हा घ्या. त्याचं जाड-बारीक भावंड, नोटो सेरिफ देवनागरी, टिरोला पर्याय ठरू शकतो, कारण त्यात ठळक प्रकार आहेत. पॉपिन्स आमंत्रणपत्रिकेत आणि सादरीकरणात उठून दिसतो. त्याचे गोल गरगरीत आकार मजकुराच्या सलग पानावर मात्र नकोत. बलू आणि मोदक फक्त मथळ्यांसाठी, आणि मोदक तर एखाद्या शब्दापुरताच. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा ज्यांना पारंपरिक वळण हवं त्यांनी जरूर पाहावा. संस्कृत अवतरणांनी भरलेला प्रबंध असेल तर यशोमुद्रावर बेतलेला, आयआयटी मुंबईत झालेला शोभिका पाहा. त्यात साधा आणि ठळक दोन्ही आहेत.

मॅकवर कोहिनूर देवनागरी आधीच असतो आणि चांगला आहे. पण वर्डची फाइल विंडोजवाल्याकडे गेली की तो फॉन्ट तिथे नसतो.

श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव

डीटीपीवाल्याकडे गेलात तर या जुन्या फॉन्टांपैकी एखाद्यात मजकूर द्यायचा का, हा प्रश्न येणारच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने मराठी छपाईला कित्येक वर्षं सुंदर अक्षरं दिली, आणि नुसत्या कागदावर पाहाल तर त्यातली काही वळणं आजच्या मोफत फॉन्टांपेक्षा सरस आहेत. अडचण अक्षरात नाही, साठवणुकीत आहे. या जुन्या पद्धतीत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. इंग्रजी चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पानभर रोमन कचरा दिसतो. पीडीएफमध्ये सभासदाचं नाव शोधलं तर सापडत नाही. पुढच्या वर्षी तोच अहवाल सुधारून वापरायचा असेल तर आधी परिवर्तक, म्हणजे जुना मजकूर नव्या पद्धतीत बदलणारा प्रोग्राम, चालवा, मग त्याने केलेल्या चुका निस्तरा.

ज्यांचं काम पेजमेकर या पानं रचायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालतं त्यांचा नाइलाज आहे, कारण त्यात युनिकोड मराठी, म्हणजे ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवणारी पद्धत, चालतच नाही. पण आपण स्वतः मजकूर टाइप करणार असू तर युनिकोडशिवाय दुसरा विचारही करू नये. छापखान्याला जुनाच फॉन्ट हवा असेल तर परिवर्तन त्यांच्याकडे होऊ द्या, मूळ फाइल आपल्याकडे युनिकोडमध्ये राहू द्या.

ठरवण्याआधी

नमुना म्हणून फॉन्टच्या संकेतस्थळावरची ओळ पाहू नका. ती त्या फॉन्टला शोभेल अशीच निवडलेली असते. आपली त्रासदायक अक्षरं एका वाक्यात कोंबा. मी हे वापरतो: ‘वऱ्हाडी ॲड. शेळकेंनी सुट्टीत विठ्ठलाची शाल उद्ध्वस्त वाड्यात घडी घालून ठेवली आणि रूढीप्रमाणे रुपया वाहिला.’ ‘ऱ्ह’ नीट येतो का? ‘ॲ’च्या जागी चौकोन तर नाही ना? ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतं. ‘रु’ आणि ‘रू’ यांतला फरक दिसतो का? ‘शाल’मधले ‘श’ आणि ‘ल’ मराठी वळणाचे आहेत का? २००९ च्या शासननिर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले आहेत. नोटोसारख्या फॉन्टात दोन्ही वळणं आत असतात आणि मजकुराची भाषा मराठी ठेवली की आपलं वळण पुढे येतं. लिबरऑफिसमध्ये हे नीट चालतं, वर्डमध्ये एकदा डोळ्यांनी ताडून पाहा.

ते वाक्य १२ पॉइंटमध्ये छापा, त्याची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा, आणि तीच पीडीएफ स्वतःला फोनवर पाठवून पान मोठं न करता वाचा.

वर्डचा एक छुपा खोडा सांगायलाच हवा. वर्ड इंग्रजी आणि देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगवेगळे लक्षात ठेवतं. फॉन्टच्या चौकटीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ नावाचा वेगळा रकाना असतो, तोच मराठीचा. वरच्या पट्टीतून मुक्ता निवडूनही मराठी मजकूर मंगलमध्येच राहिला, किंवा ‘१२’ लिहिलेलं असून अक्षरं लहान दिसली, तर चोर तिथे असतो. दोन्ही रकान्यांत मुक्ता भरला की मराठी वाक्यातले इंग्रजी शब्दही त्याच हाताचे येतात, तिथे टाइम्स न्यू रोमन घुसत नाही.

फाइल वर्डमध्ये पाठवायचीच असेल तर जतन करण्याच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत करण्याची खूण करा, नाहीतर समोरच्याकडे फॉन्ट बदलतो आणि पानं सरकतात. एरवी पीडीएफच पाठवा. आणि छापखान्यात इनडिझाइन या पानं रचायच्या सॉफ्टवेअरवर काम होणार असेल तर ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू आहे ना, हे ऑपरेटरला आधीच विचारा. तो बंद असला की ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या चुकीच्या बाजूला जातात आणि जोडाक्षरं सुटी पडतात. मुद्रितं हातात आली की पहिल्या पानावरचा ‘वार्षिक’ हा शब्द तपासा. गडबड असेल तर तिथेच दिसेल.