विषयवार, मिश्र की स्पर्धा: कोडिंग इंटरव्ह्यूच्या सरावाची वाट कशी निवडावी?

कोडिंग इंटरव्ह्यूचा सराव करायच्या लीटकोड या संकेतस्थळावर आज तीन हजारांहून अधिक प्रश्न आहेत. ते सगळे सोडवायची गरज नाही, म्हणजे निवड करणं आलंच. तरीही कितीतरी जण ती न करता पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतात. पहिला 'टू सम' सुटतो, दुसऱ्या-तिसऱ्याला जोर लावावा लागतो, आणि चौथा निघतो 'मीडियन ऑफ टू सॉर्टेड अॅरेज', ज्यावर 'हार्ड' असा शिक्का आहे. तिथले क्रमांक काठिण्यानुसार लावलेले नाहीत, हे ठाऊक नसलं की पहिल्याच आठवड्यात वाटायला लागतं, हे आपलं काम नव्हे.

माझं ठाम मत असं आहे की प्रश्न अवघड असतात म्हणून उमेद जात नाही. राबूनही आपण पुढे सरकतोय की नाही, हे दिसत नाही म्हणून ती जाते. त्यामुळे खालची प्रत्येक पद्धत मी दोन निकषांवर तपासली आहे: तिने हात तयार होतो का, आणि तो तयार होतोय हे आपल्याला कळतं का.

विषयवार यादी की मिश्र सराव

'ब्लाइंड ७५' किंवा तिच्यात भर घालून तयार झालेली 'नीटकोड १५०' या याद्या विषयवार लावलेल्या आहेत: अॅरे, टू पॉइंटर, स्लायडिंग विंडो, ट्री, ग्राफ, डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग). त्यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्या संपतात. तीन हजारांपुढे ७५ हा आवाक्यातला आकडा आहे. एका विषयाचे पाच-सहा प्रश्न लागोपाठ केले की सहावा पहिल्यापेक्षा पटकन सुटतो, आणि नवशिक्याला त्या क्षणी तेवढा दिलासा फार मोलाचा असतो.

दोष असा की 'स्लायडिंग विंडो' या मथळ्याखालचा प्रश्न उघडताना निम्मं उत्तर मथळ्यानेच दिलेलं असतं. इंटरव्ह्यूमध्ये मथळा नसतो. समजा प्रश्न आला: अॅरेतल्या, म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्यांतल्या, किती सलग तुकड्यांची बेरीज k भरते? 'सलग तुकडा' हे शब्द दिसताच हात विंडोकडे, म्हणजे एक खिडकी रुंद-अरुंद करत अॅरेवरून सरकवण्याकडे, जातो. पण अॅरेत ऋण संख्या असतील तर विंडो रुंद केल्यावर बेरीज वाढेलच, याची खात्री राहत नाही आणि सगळा हिशेब कोसळतो. तिथे प्रीफिक्स सम (सुरुवातीपासूनची चालू बेरीज) आणि हॅशमॅप (आधीची मूल्यं पटकन शोधून देणारी नोंद) लागतो. विंडो केव्हा चालत नाही, हे ओळखण्याची कसोटी विषयवार सरावात क्वचितच लागते.

मिश्र सराव नेमकं तेच शिकवतो, पण शिकवताना रडवतो. रोहरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, काहींनी सगळे प्रकार सरमिसळ करून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर होती, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि सरमिसळवाले ६३ वर राहिले. प्रयोग गणिताचा होता, कोडिंगचा नाही. तरी अडचण तीच आहे: कोणती रीत कुठे लावायची हे ओळखणं.

म्हणजे जी पद्धत जास्त शिकवते, तीच सराव करताना आपल्याला कमकुवत भासवते. हे आधीच माहीत असेल तर मिश्र सरावातली घसरण मनाला लागत नाही. माझा कौल असा: नवा विषय शिकताना विषयवार जा, दोन-तीन विषय हाताखालून गेले की लगेच त्यांची सरमिसळ करा, आणि प्रश्नावरचे विषयाचे टॅग झाकून ठेवा. आख्खी यादी संपेपर्यंत मिश्र सराव पुढे ढकलू नका.

लीटकोडवरच्या रोजच्या एका प्रश्नाबद्दल थोडक्यात. सवय लावायला तो छान. पण 'स्ट्रीक', म्हणजे एकही दिवस न चुकवल्याची मालिका, तुटू नये म्हणून रात्री दुसऱ्याचं उत्तर चिकटवण्याची वेळ आली, तर ती स्ट्रीक खुशाल तुटू द्या.

स्पर्धा

लीटकोडची साप्ताहिक स्पर्धा ९० मिनिटांत ४ प्रश्नांची असते. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या संकेतस्थळावर प्रश्नांना काठिण्याप्रमाणे ८०० पासून ३५०० पर्यंत रेटिंग असतं आणि भाग घेणाऱ्यांनाही त्यांचं वेगळं रेटिंग असतं. वेग आणि अचूकता वाढवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. स्वतःची प्रगतीही आकड्यात दिसते.

पण तोच आकडा खाली येतो तेव्हा जिव्हारी लागतो. शिवाय कोडफोर्सेसचे बरेच प्रश्न गणिती युक्तीवर चालतात आणि तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. इंटरव्ह्यूची चाल वेगळी असते. तुम्हाला स्पर्धेची मनापासून आवड असेल तर जरूर उतरा. केवळ नोकरीसाठी सराव करत असाल आणि रेटिंग घसरल्यावर दोन दिवस मन लागत नसेल, तर कोडफोर्सेसवर जुनी स्पर्धा 'व्हर्च्युअल' भाग घेऊन सोडवता येते. घड्याळ खरं असतं, रेटिंगला मात्र धक्का लागत नाही.

अडल्यावर झगडायचं की उत्तर बघायचं?

उमेद टिकण्याचा किंवा संपण्याचा खरा प्रश्न इथेच आहे. एक पंथ म्हणतो, सुटेपर्यंत उत्तर बघायचं नाही. दुसरा म्हणतो, पाच मिनिटांत सुचलं नाही तर बघा आणि पुढे चला. पहिल्यात आख्खी संध्याकाळ एका प्रश्नावर जाते. दुसऱ्यात शंभर प्रश्न 'झालेले' असतात आणि त्यातला एकही कोऱ्या पानावर लिहिता येत नाही. मला दुसरा पंथ जास्त घातक वाटतो, कारण त्यात फसवणूक आपल्याला उशिरा कळते.

साधारण अर्धा तास हा बरा मध्य आहे, पण घड्याळापेक्षा मनातल्या कल्पनांकडे बघा. करून पाहण्यासारखं काही शिल्लक असेल तर वेळ वाढवा. तीच कल्पना तिसऱ्यांदा घोळवत असाल तर थांबा. थांबण्याआधी दोन गोष्टी मात्र केलेल्या हव्यात. पहिली, हळू का होईना पण बरोबर चालणारा ब्रूट फोर्स (सगळ्या शक्यता तपासणारा कोड) लिहिणं. दुसरी, प्रश्नाखालच्या मर्यादा वाचणं. n, म्हणजे दिलेल्या घटकांची संख्या, जास्तीत जास्त २० असेल तर सगळे उपसंच तपासणं परवडतं, ते दहा लाखांच्या आसपास भरतात. n एक लाख असेल तर दुहेरी लूप म्हणजे एक हजार कोटी फेऱ्या, म्हणून सॉर्टिंग, हीप, बायनरी सर्च (दर वेळी निम्मा भाग वगळत शोधणं) किंवा हॅशमॅपकडे वळायला हवं. मर्यादांतून मिळणारा हा इशारा अनेक जण वाचतच नाहीत.

उत्तर बघितलंत तर पुरतं समजून घ्या, ते बंद करा आणि कोऱ्या फाइलीत स्वतः लिहा. वहीत एकच ओळ टिपा: मला कोणती खूण दिसली नाही? 'ऋण संख्या होत्या', 'अॅरे सॉर्टेड होता', 'उत्तरावरच बायनरी सर्च करायचा होता', अशी.

नवा प्रश्न की जुनाच पुन्हा?

इथे मी निःसंकोच जुन्याच्या बाजूने आहे. न सुटलेला प्रश्न तीन-चार दिवसांनी, मग दोन आठवड्यांनी, आधीचं उत्तर न बघता पुन्हा सोडवा. सोडवलेल्या प्रश्नांची संख्या वाढत नाही म्हणून हे लोकांना नकोसं वाटतं. पण ज्या प्रश्नाने तासभर हैराण केलं, तो पंधरा मिनिटांत सुटतो तेव्हा मिळणारा पुरावा दुसऱ्या कशातून मिळत नाही. प्रश्न तोच असतो, बदललेले तुम्ही असता.

आणि 'हे तर सोपं, येतं मला' म्हणून काही सोडून देऊ नका. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये एक बग सुमारे नऊ वर्षं होता. २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच तो जाहीर केला. मधला क्रमांक काढताना low आणि high (शोधाच्या दोन टोकांचे क्रमांक) यांची बेरीज इंटिजरच्या मर्यादेबाहेर जात होती. इतकी छोटी गोष्ट इतक्या जाणत्या लोकांच्या नजरेतून निसटली. तेव्हा आपला बायनरी सर्च पहिल्या फटक्यात चुकला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त तो पुन्हा लिहायला हवा.

एकट्याने की जोडीने

विचार करायला एकांत बरा. पण इंटरव्ह्यूमध्ये विचार मोठ्याने करावा लागतो, आणि ते एकांतात येत नाही. आठवड्यातून एकदा कुणाबरोबर तरी मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू, घ्या आणि भूमिका आलटून पालटून करा. समोरच्याला गप्प बसून टाइप करताना पाहिलं की आपण काय बोलायला हवं होतं, ते आपोआप उमगतं.

वेळेप्रमाणे निवड

सहा महिने हाताशी असतील तर सुरुवात विषयवार, लवकरच सरमिसळ, आणि आवड असेल तर स्पर्धा. दोन-तीन महिने असतील तर ७५ ची यादी पुरे. तिच्यात भर घालण्यापेक्षा तीच दुसऱ्यांदा, क्रम विस्कटून करा. दोनच आठवडे उरले असतील तर नवा विषय उघडू नका. डीपी आलं नसेल तर राहू द्या. वहीतल्या खुणा वाचा, त्यातले अडलेले प्रश्न पुन्हा सोडवा, आणि एक दिवसाआड ४५ मिनिटांचा मॉक घ्या, ज्यात पहिली पाच मिनिटं कोड न लिहिता प्रश्नाच्या अटी विचारण्यात जातील.