जुन्या सीबीएसजवळचे कायद्याच्या पुस्तकांचे दुकान: कर्मचारी संघटनेच्या कार्यकर्त्याचा अभिप्राय

नाशिकच्या जुन्या मध्यवर्ती बस स्थानकाजवळ (सीबीएस), जिल्हा न्यायालयाच्या परिसरातील या छोट्या दुकानातून मी काही वर्षांपासून आमच्या जिल्हा परिषद कर्मचारी संघटनेसाठी पुस्तके घेत आहे. वकिलांच्या दुकानात लिपिकाचे काय काम, असे वाटून जे आत शिरत नाहीत, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

पुस्तक काढण्यापूर्वी मालक "आपण नोकरीला कुठे?" असे विचारतात आणि माझ्या मते या दुकानाचे खरे मोल त्या प्रश्नात आहे, कारण सामूहिक वाटाघाटीचा, म्हणजे संघटनेने सर्वांच्या वतीने नोकरी देणाऱ्याशी बोलणी करण्याचा, हक्क सर्व सार्वजनिक कर्मचाऱ्यांना सारखा नाही. नाशिकरोडच्या नोट प्रेसचा कामगार आणि एसटीचा चालक औद्योगिक कायद्यांच्या कक्षेत येतात. आमच्यासारख्यांवर वर्तणूक नियमांचा अंमल चालतो. एसटी कामगाराच्या हाती ते राज्याचा १९७१ चा कायदा देतात, ज्यात मान्यतेसाठी संघटनेकडे किमान ३० टक्के सभासद असावे लागतात.

मला त्यांनी दोन निवाडे वाचायला सांगितले. संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्कातून परिणामकारक वाटाघाटीचा किंवा संपाचा हक्क आपोआप निघत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात म्हटले. २००३ मध्ये तामिळनाडूतील प्रकरणात तर शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्कही नसल्याचे सांगितले. हा दुसरा निवाडा मला आजही अन्यायकारक वाटतो, पण तो न वाचता आंदोलनात उतरणे अधिक घातक आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी झालेल्या सात दिवसांच्या संपात 'संप हा घटनेने दिलेला हक्क आहे' असे आम्ही सभांमधून छातीठोकपणे सांगत होतो.

एक तक्रार मात्र आहे. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असूनही, दर्शनी फळीवर तिने रद्द केलेल्या १९२६ च्या कामगार संघटना कायद्याच्या प्रती होत्या. एकमेव वाटाघाटी संघटना ठरण्यासाठी ५१ टक्के पाठिंबा आणि संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस, या नव्या अटी कामगाराला आधी दिसायला हव्यात. संहिता मिळाली, पण इंग्रजीत. मराठी प्रत येताच आमच्यासाठी दहा प्रती बाजूला ठेवाव्यात, असे मालकांना सांगून ठेवले आहे.